अकरा पॉइंट सात

पुंडलिकभाऊ गेले त्याला पाच दिवस झाले होते, आणि सकाळी बरोबर आठ वाजता माझ्या फोनवर त्यांचं नाव आलं.

नाव मीच टाकलेलं होतं, ‘पुंडलिकभाऊ लाइनमन’. दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं, एक हात शटरला आणि दुसऱ्या हातात फोन. मी घाबरट माणूस नाही. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालतो आहे. उजव्या हाताचं मधलं बोट फॅन बेल्टने अर्धं नेलं तेव्हाही मी ओरडलो नव्हतो. पण त्या दिवशी शटर सोडून खालीच बसलो. फोन वाजत होता तो तिसऱ्या-चौथ्या रिंगला उचलला.

"जमीरभाऊ," पलीकडून बाईचा आवाज आला. "मी रुखमाबाई. मीटरवर बारा पॉइंट चार दाखवून राह्यलं. बरोबर हाय का?"

भाऊंची बायको. हे व्होल्टचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईंचं डोकं फिरलं.

पुंडलिकभाऊ विजेच्या खात्यात लाइनमन होते. बत्तीस वर्षं खांबावर चढले, निवृत्त झाले आणि बाभुळगावबाहेरच्या लेआउटमधल्या घरापुढे त्यांनी एक नवी पांढरी गाडी आणून उभी केली. चालवायचे आठवड्यातून एकदा, पुसायचे दिवसातून दोनदा. शेजारच्या बबलूच्या बकऱ्या बॉनेटवर चढायच्या आणि बबलू म्हणायचा, त्या माझ्या नाहीतच. भाऊंना पुरावा पाहिजे होता. म्हणून काचेला चिकटवायचा कॅमेरा आणला, गाडी बंद असतानाही जागा राहणारा.

"पन वायर कापाची नाई, जमीर," त्यांनी मला बजावलं. "नवी गाडी हाय. एक बी वायर कापली तं कंपनी हात वर करन."

त्याला उपाय आहे. स्टीअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक सॉकेट असतं. गाडी बिघडली की मेकॅनिक त्यात स्कॅनर लावून तिची नाडी पाहतो. किल्ली काढली तरी त्या सॉकेटला बॅटरीचा करंट असतो. तिथून कॅमेऱ्याला वीज देणारी वायर तयार मिळते, नुसती खोचायची. वायरच्या डबीवर एक सरकतं बटण असतं. बॅटरी किती उतरली की कॅमेरा आपोआप बंद पडावा, ते त्यावर ठरवायचं. मी बारा व्होल्टवर ठेवलं. तेवढी उतरली तरी सकाळी गाडी सुरू होते.

तिथून माझ्यामागे साडेसाती लागली. गाडी फिरायची नाही, म्हणून बॅटरी भरायची नाही. कॅमेरा पहाटे बंद पडायचा आणि बकऱ्या नेमक्या पहाटेच यायच्या. भाऊ रोज सकाळी आठला मीटर लावून मला फोन करायचे. "बारा पॉइंट शून्य, जमीर. आज बी बंद पडला." लाइनमनला मी वीज काय शिकवणार, आणि मला तरी तो काय शिकवणार? दोघांचाही राग नाकाच्या शेंड्यावर. शेवटी एक दिवस मी तणतणत गेलो आणि ते बटण शेवटच्या खाचेवर सरकवलं. अकरा पॉइंट सहा. "घ्या, आता बंद पडत नाई," मी मोठ्याने म्हणालो. "पन गाडी रोज फिरवत जा," हे हळू म्हणालो. त्यांनी पहिलंच ऐकलं असणार.

ते गेले त्या दिवशी सकाळचा आकडा अकरा पॉइंट सात होता.

"कमी हाय का रे?" त्यांनी विचारलं.

"चालते, भाऊ," मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्या बॅटरीवर स्टार्टर फिरत नाही हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण मला त्या फोनचा कंटाळा आला होता.

त्याच दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला. एप्रिलचं ऊन, गिऱ्हाईक नाही, शेजारचा पंक्चरवाला रहेमान आणि मी चहा पीत बसलेलो. "म्हातारा पुन्हा व्होल्ट सांगणार," मी म्हणालो आणि फोन पालथा घातला. रहेमान हसला. फोन आणखी दोनदा थरथरला. तिसऱ्या वेळी मी चहाचा कप त्याच्यावर ठेवला.

संध्याकाळी कळलं. छातीत दुखायला लागलं म्हणून भाऊ एकटेच गाडीत जाऊन बसले होते. रुखमावहिनी आत कूलरपुढे झोपल्या होत्या. पाचला उठून बाहेर आल्या तेव्हा भाऊंचं डोकं स्टीअरिंगवर टेकलेलं. बबलूच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायचं होतं.

गाडी का निघाली नाही, हे कुणी विचारलंच नाही. बसल्या बसल्याच गेले, असं सगळे धरून चालले. माझ्या फोनमध्ये मात्र तीन लाल ओळी होत्या, चार बारा, चार चौदा आणि चार सतरा.

आता दिव्याचं. आमच्या भागात बऱ्याच घरी माणूस जिथे जातो तिथे दहा दिवस दिवा ठेवतात, आणि तो विझू द्यायचा नसतो. भाऊ गाडीत गेले. गाडीत तेलाचा दिवा कसा ठेवणार, गाडी पेटायची. तेवढ्यात वहिनींचं लक्ष काचेकडे गेलं. कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका मिणमिणत होता. "हाच दिवा," त्या म्हणाल्या. "त्यायनंच लावेल हाय." मुलगा अंकुर अमरावतीहून आला होता, तिकडे बँकेत आहे. त्याने घरातून वायर ओढून गाडीच्या बॅटरीला चार्जर लावला. चौथ्या दिवशी गावाची लाइट गेली आणि ठिपका काही वेळ विझला. त्याचा वहिनींनी असा धसका घेतला की पाचव्या दिवसापासून भाऊंचा मीटर आणि भाऊंचा फोन त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

"बरोबर हाय, वयनी," मी त्या सकाळी म्हणालो. "चालू राहू द्या."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. कॅमेऱ्यात नखाएवढं कार्ड असतं. ते भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो. उभ्या गाडीपुढे काही हललं की तेवढं टिपतो, मग बकरी असो की माणूस. दुःखाचं घर, दिवसभर माणसांची रीघ. भेटायला येणारा प्रत्येक जण भाऊंची शेवटची दुपार थोडी थोडी पुसत होता. आणि त्या कॅमेऱ्याला कानही होता. गाडीतलं बोलणं तो टिपायचा, मीच तसा लावून दिला होता. "बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्यात आत बसलेले बाबा कुठून दिसणार," अंकुर म्हणाला होता. कानाचं त्याला सुचलं नाही.

स्टार्टर फिरला की नाही, मला फोन लावताना भाऊ काय म्हणाले, सगळं त्या कार्डावर होतं. माझ्या अंदाजाने ते नऊ, फार तर दहा दिवस टिकणार होतं. मला काहीच करायचं नव्हतं. रोज सकाळी आठला फक्त ‘चालू राहू द्या’ म्हणायचं होतं. दिवा जळत राहिला की माझा गुन्हा आपोआप पुसला जाणार होता.

सहाव्या दिवशी बारा पॉइंट तीन, सातव्या दिवशी बारा पॉइंट चार. फोनवर मेलेल्या माणसाचं नाव, त्यातून त्याच्या बायकोचा आवाज आणि माझं तेच उत्तर. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. दुकानापुढे कुणी स्टार्टर मारला आणि तो टक्‌ करून थांबला की माझ्या हातातला पाना पडायचा. पावणेआठपासूनच खिशात फोन थरथरल्यासारखा वाटायचा, काढून पाहावा तर काही नसायचं. आठव्या दिवशी रहेमानने माझ्या फोनवर चहाचा कप ठेवला. मी तो कप रस्त्यावर भिरकावला. त्या दिवसापासून रहेमान चहाला येईनासा झाला.

नवव्या दिवशी आकडा सांगून झाल्यावर वहिनींनी फोन ठेवला नाही.

"जमीरभाऊ, एक इचारू? मी कूलर लावून झोपेल होती. आमचा कूलर असा हाय का दारात बँड वाजला तरी ऐकू येत नाई. त्यायनं मले आवाज देला असंल का हो? चारदा देला असंल, पाचदा देला असंल, आन् मी उठलीच नाई." मग म्हणाल्या, "तवापासून कूलर लावला नाई मी. पन हे इचारू कोनाले? त्या गाडीले इचारू?"

गाडीलाच विचारा, हे खरं उत्तर होतं. ते माझ्या ओठावर आलं आणि मी गिळलं. पण मग मला माझीच किळस आली. मी एका फोनपासून पळत होतो आणि ही बाई जन्मभर त्या एका प्रश्नात जळणार होती. "संध्याकाळी येतो," मी म्हणालो. "वायर पाहून घेतो."

दिवेलागणीला गेलो. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, कूलर बंद, आणि सगळे पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. वहिनी दारात आल्या.

"पाहा वायर," त्या म्हणाल्या. "पन खालचं टोपलं हलवू नका."

ड्रायव्हरच्या पायाच्या जागी, मॅटवर, बांबूचं टोपलं पालथं घातलेलं होतं. ते काय आहे मला माहीत होतं. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे जीव गेला तिथे पीठ पसरून टोपल्याखाली झाकतात. सकाळी पाहतात, पिठात कुणाचं पाऊल उमटलं. चिमणीचं उमटलं तर माणूस चिमणीच्या जन्माला गेला, मुंगीचं उमटलं तर मुंगीच्या. आमच्यात हे नाही. पण जन्म या गावात गेला, शेजारपाजारची अशी टोपली मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आणि सॉकेट नेमकं त्या टोपल्याच्या वर. चालू कॅमेऱ्यातून कार्ड ओढलं तर त्यात असेल तेही बिघडतं, म्हणून आधी वायर काढणं भाग होतं. मी मागे पाहिलं, कुणी नव्हतं. टोपलं उचलून बाजूला ठेवलं, आत वाकलो आणि वायर ओढली. इतक्या दिवसांच्या उन्हाने ती सॉकेटात घट्ट बसली होती. जोर लावला तशी ती एकदम सुटली आणि माझा तोल जाऊन मी हातावर आलो. वर काचेवरचा ठिपका विझला. मी घाईने कार्ड काढून खिशात टाकलं, आत कोरं कार्ड घातलं, वायर जागेवर खोचली आणि टोपलं पालथं घातलं. ठिपका पुन्हा मिणमिणला. अंधार पडत होता. मी आणखी काही पाहिलं नाही.

दुकानी येऊन नळाखाली हात धरला, तेव्हा उजव्या तळव्याच्या रेघांमध्ये पीठ दिसलं.

कार्ड मी ऐकलं नाही, धीर झाला नाही. ते तोडून टाकायचाही विचार आला, खोटं कशाला सांगू. सकाळी उजाडताच पुन्हा तिकडे निघालो, कुणी टोपलं उचलायच्या आत पीठ सारखं करायला. पोचलो तर अंगणात गर्दी जमलेली. वहिनी गाडीच्या दारात वाकलेल्या आणि टोपलं त्यांच्या हातात.

"हात!" शेजारच्या सुखीबाई ओरडल्या. "मानसाचा हात हाय हो!"

पिठात पंजा उमटला होता, चांगला खोल. पाखरू नाही, मुंगी नाही, माणूस! असं तिथल्या कुणी आजवर पाहिलं नव्हतं. भाऊंना पुन्हा माणसाचाच जन्म मिळाला म्हणून बायका रडता रडता हसायला लागल्या. अंकुरने डोळे पुसत फोटो काढला. नऊ दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसत होतं, आणि ते माझ्या चोरीवर हसत होतं. मी उजवा हात पाठीमागे नेला.

वहिनी हसल्या नाहीत. त्या पिठाकडे पाहत होत्या. अंगठा, पहिलं बोट, मग मधलं, अर्धंच. त्यांनी मान वर केली आणि गर्दीतून बरोबर मला शोधलं.

पुरुषांना त्यांनी अंकुरबरोबर दहाव्यासाठी नदीवर पाठवलं आणि बायकांना आत. अंगणात आम्ही दोघंच उरलो.

"हात दाखवा, जमीरभाऊ."

दाखवला. मग सगळंच सांगितलं. ते बटण, अकरा पॉइंट सात, तीन फोन, चहाचा कप, कार्ड. रोज ‘चालू राहू द्या’ कशासाठी म्हणत होतो तेही सांगितलं. मला वाटलं, त्या पायातली चप्पल काढतील. काढली असती तर बरं वाटलं असतं. त्या पलीकडून फिरून गाडीत बसल्या, भाऊंच्या शेजारच्या सीटवर.

"लावा," त्या म्हणाल्या.

भाऊंच्या सीटवर बसायची माझी हिंमत नव्हती. दाराबाहेर गुडघे टेकून मी कार्ड कॅमेऱ्यात घातलं. त्याचा पडदा काडेपेटीएवढा. सगळ्यात जुनी फाइल चार वाजून तेरा मिनिटांची होती. त्याआधीचं पुसलं गेलं होतं, म्हणजे पहिला फोन गेला. बाकीचे दोन शिल्लक होते.

पडद्यावर रिकामं अंगण, ऊन आणि कुंपणापाशी एक बकरी. आवाजात घरातल्या कूलरची घरघर. मग किल्ली फिरली. टक्‌. पुन्हा टक्‌. पुन्हा टक्‌. स्टार्टर फिरलाच नाही. वहिनींना समजवावं लागलं नाही, लाइनमनची बायको ती. मग जड श्वास. मग रिंग, शेवटपर्यंत वाजून तुटली. पुढच्या फाइलमध्ये पुन्हा रिंग, पुन्हा शेवटपर्यंत. आता भाऊ मला शिवी देणार हे मला माहीत होतं. द्यावी, असंच वाटत होतं.

"कामात असंल बिचारा," भाऊ म्हणाले.

मग बराच वेळ नुसता कूलर आणि श्वास. आणि मग, स्वतःशी पुटपुटावं तसे ते म्हणाले, "कूलरचं पानी संपलं वाट्टे. खडखड करून राह्यला. बरं वाटलं का भरतो... नाई तं थे उठन."

"बस," वहिनी म्हणाल्या. मी बंद केलं.

"आवाज देलाच नाई," त्या म्हणाल्या. "कूलर ऐकू येऊन राह्यलता त्यायले. माई झोप मोडन म्हून उठवलं नाई." पदर तोंडात धरून त्या रडल्या, आणि मीही तिथेच गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो.

मग त्यांनी विचारलं, "तुमी कामात होते का, जमीरभाऊ?"

"नाई, वयनी. चहा पिऊन राह्यलतो."

त्या डोळे पुसून म्हणाल्या, "काढा आता थो दिवा." मी वायर ओढली, ठिपका विझला. पीठ पुसायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "राहू द्या. आतल्या बायकायले काई सांगू नका. त्यायच्यासाठी मानूसच राहू द्या." मग त्या उठल्या, अंगणातली बादली भरली आणि ती घेऊन घरात गेल्या. मी निघालो तेव्हा कूलरच्या टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फोन वाजला. ‘पुंडलिकभाऊ लाइनमन’. कॅमेरा बंद, वायर माझ्या दुकानात, सांगण्यासारखा आकडा उरलेला नव्हता. शटर तसंच सोडून मी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं, वयनी?"

मागे कूलरची घरघर ऐकू येत होती.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "उचलता का नाई, थे पाह्यलं."